खुंटा हलवायला गेलो तेव्हा

आमच्या निपाणीत माणूस नोकरी करत नाही, नोकरीला चिकटतो. ‘पोरगं कुठं चिकटलं का?’ असं गल्लीत माझ्या वडिलांना विचारायचे, आणि मी बंगळूरला चिकटल्यावर वडिलांनी जे पेढे वाटले ते माझ्या आयुष्याचा निकाल लागल्याच्या थाटात. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी काचेच्या खोलीत बसवून ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?’ असं मला इंग्रजीत विचारलं जायचं तेव्हा मी मनापासून गोंधळायचो. चिकटलेला माणूस पाच वर्षांनी कुठं असणार? जिथं चिकटलाय तिथंच. पण असं उत्तर देता येत नाही. मग मी ‘लीडरशिप’ म्हणायचो. हा शब्द उच्चारला की माझी मॅनेजर मान डोलवायची, लॅपटॉपवर काहीतरी टिपून घ्यायची आणि ‘गुड’ म्हणायची. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर आणि तेच ‘गुड’.

आमचं ऑफिस जयनगरात होतं. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही. हॉस्पिटलांना बिलं करायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो आणि माझं काम ते तपासायचं. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या घराण्यात हे काम सगळे पिढ्यान् पिढ्या फुकट करत आले. पैसे मिळवणारा मी पहिलाच. मला त्याचा अभिमान होता. चूक माझ्या नजरेतून सुटत नाही असं मी चारचौघांत सांगायचो. आता सांगत नाही.

मॅनेजरबाई पन्नाशीच्या पुढच्या. कॉटनची साडी, वेणीत मोगऱ्याचा छोटा गजरा, घर चामराजपेटेत. कन्नड असं बोलायच्या की ऐकत राहावं, इंग्रजी मोजकं आणि बिनचूक. हसणं जवळजवळ नाही. आमच्याकडे सगळ्यांनी सगळ्यांना नावानं हाक मारायची असा नियम होता, पण निपाणीच्या माणसाची जीभ वयानं मोठ्या बाईच्या नावापाशी अडखळते. मी ‘मॅम’ म्हणायचो. हे तोंडावर. पाठीमागे मी त्यांना ‘मामलेदारीण’ म्हणायचो.

पाठीमागे हा शब्द इथं अगदी अक्षरशः घ्यायचा. आमच्या मजल्यावर मोबाइलला रेंज फक्त एका खिडकीशी यायची, आणि ती खिडकी नेमकी मॅडमच्या खुर्चीमागं होती. दुपारी जेवण झालं की मी तिथं उभा राहून निपाणीला थोरल्या बहिणीला फोन लावायचो. ती शाळेतून निवृत्त झालेली, दुपारची मोकळी. मी तिला दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायचो, आणि सांगायचो मराठीत, उघड आणि बिनधास्त. टीममध्ये हिंदी चालायची, मीटिंगमध्ये इंग्रजी, चहावाल्याशी आणि रिक्षावाल्याशी कन्नड. मराठी म्हणजे माझी घरची तिजोरी. तिची किल्ली या मजल्यावर आणखी कुणाकडे असेल असं मला कधी वाटलंच नाही.

खरं तर हे सुचायला हवं होतं ते मलाच. निपाणीत लहानपणापासून आम्ही दोन्ही भाषांत वाढलो. समोरच्याला आपली भाषा येत नाही असं समजून बोलणारा माणूस आमच्याकडे बाजारात मार खातो. पण सीमेवरच्या माणसाचा एक पीळ असतो. मराठी म्हणजे आम्ही, आम्ही तिच्यासाठी एवढी भांडणं केली, आणि आमच्या पलीकडे खाली दक्षिणेला मराठी संपली, असा आमचा पक्का समज. इथं बंगळुरात साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी येऊन राहिलेली मराठी घरं आहेत हे मी ऐकून होतो. पण ऐकून होतो ते इतिहासासारखं. त्यातलं कुणी माझ्या पुढच्या खुर्चीत बसून डबा खात असेल, हे डोक्यात आलं नाही.

तर त्या वर्षी माझं पोट दुखायला लागलं. माझ्या मागून आलेली दोन मुलं ‘लीड’ झाली, दुसऱ्या टीममध्ये का होईना. मी लीड झालो नाही याचं दुःख होतंच, पण खरं दुःख वेगळं होतं. इतकी वर्षं मी तिथं होतो आणि मी आहे म्हणून कुणाला बरं वाटतंय असं कुणी कधी बोललं नव्हतं. मॅडमचं ते ‘गुड’ सोडलं तर कौतुकाचा एक शब्द माझ्या वाट्याला आला नव्हता. वय पंचेचाळिशीच्या आसपास, डोक्यावरचे केस पातळ झालेले, आणि मला शाळकरी पोरासारखं कुणीतरी पाठीवर थाप मारावी असं वाटत होतं. हे बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “अरे, मग खुंटा हलवून बळकट करून घे की. दुसरीकडची नोकरी मिळव, कागद हिच्यापुढं ठेव, आणि बघ कशी राहा राहा म्हणती ती.”

सल्ला मला फार आवडला. सोडून जायचं नव्हतंच. मल्लेश्वरमहून मेट्रोत बसलं की जयनगर, उतरलं की ऑफिस, परतताना चटणीची पुडी आणि भाजी. असं सुख सोडून कोण जातंय? नुसता खुंटा हलवायचा. मग मी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका नव्या कंपनीत अर्ज टाकला. मुलाखतीला जायचं होतं त्या दिवशी दात काढायचाय म्हणून सुट्टी घेतली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्याजवळ येऊन इंग्रजीत विचारलं, “दात कसा आहे?” मी गालावर हात ठेवून जरा कण्हलो. “मऊ खा,” असं म्हणून त्या गेल्या. अर्ध्या तासानं मी खिडकीशी उभा राहून बहिणीला सांगत होतो की मुलाखत झकास झाली, खुंटा हलायला लागला आणि मामलेदारणीला पत्तासुद्धा नाही.

नोकरी मिळाली. लीडची. तिथं एका तिशीतल्या मुलीनं माझी मुलाखत घेतली होती, आणि मी तिला तिच्याच सॉफ्टवेअरमधल्या चुका दाखवल्या होत्या म्हणून ती खूश झाली असावी. शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवा म्हणाले. मी घरी बायकोला मॅडम करून समोर बसवलं आणि तालीम केली. बायको म्हणाली, “ती राहा म्हणाली नाही तर?” मी म्हटलं, “म्हणणार म्हणजे म्हणणार.” बायको भाजी निवडायला निघून गेली. ती माझ्याशी वाद घालायच्या वेळी नेहमी भाजी निवडते.

बुधवारी आमची पंधरवड्याची बैठक होती. काचेच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. मला एक संधी चालून आली आहे, माझ्या वाटचालीचा विचार करता हा निर्णय सोपा नाही, या संस्थेशी माझं भावनिक नातं आहे, वगैरे. मॅडम नेहमीसारखं टिपून घेत नव्हत्या. त्यांनी लॅपटॉप मिटला, गजरा जरा सारखा केला आणि म्हणाल्या,

“अण्णा, स्वल्प बसा नीट. खुंटा हलवायला आलात, की खरंच जायचंय?”

मराठीत. मॅडमची मराठी माझ्यासारखी नव्हती, आजीच्या पेटीतून काढल्यासारखी जुनी आणि मधून मधून कन्नडची ठिगळं लावलेली, पण शब्द न् शब्द स्वच्छ. मी वेड्यासारखं विचारलं, “तुम्हाला मराठी येतं?”

“येतं म्हणजे? घरचं आहे. आमचे लोक इथं शहाजीराजांच्या वेळेपासून.”

मग माझ्या डोक्यात सगळी दुपारची सत्रं एकामागून एक उघडायला लागली. मी काय काय बोललो होतो! त्यांच्या डब्यातल्या बिसीबेळेभाताच्या वासाबद्दल बोललो होतो. त्यांच्या न हसण्याबद्दल बोललो होतो, आणि त्यात त्यांच्या यजमानांची कीव केली होती. वर्षातून एकदा मिळणाऱ्या पगारवाढीच्या दिवशी तर मी जे बोललो होतो ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि तेव्हा मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा होतो. आणि तो दात! मी गाल धरून कण्हलो होतो आणि बाई ‘मऊ खा’ म्हणाल्या होत्या.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण आम्ही पहिल्या मजल्यावर होतो आणि खाली साड्यांचं दुकान होतं.

“मॅम, मी... ते मामलेदारीण वगैरे...”

“ते असू दे हो. मामलेदारीण मला आवडलं. बाकीची नावं बरी नव्हती.” त्या हसल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं, दात चांगले होते त्यांचे. “आता सांगा. पाच वर्षांनी कुठं, ते नको. आत्ता काय पायजे तुम्हाला?”

मी ‘लीडरशिप’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो शब्द इंग्रजीत ठीक असतो. मराठीत, वयानं मोठ्या बाईसमोर, आणि तेही सगळं ऐकून बसलेल्या बाईसमोर, तो ओठांवर येईना. दुसरं काही खोटंही सुचेना. मग जे होतं ते बोललो.

“मला जायचं नाही. मला इथंच राहायचंय. फक्त कुणीतरी राहा म्हणावं, एवढंच पाहिजे होतं.”

बोललो आणि कान तापले. पंचेचाळिशीच्या माणसानं ऑफिसात बसून बोलायचं वाक्य नव्हे हे. मॅडमनी मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला. मला वाटलं, आता म्हणतील. खुंटा जरा वेगळ्या रीतीनं हलला, पण हलला तर खरा. बळकट होईल आता.

“सरी, बरं,” त्या म्हणाल्या. “पण राहा मी नाही म्हणणार.”

मग त्यांनी सांगितलं. लीडच्या जागेसाठी माझं नाव त्यांनी वर पाठवलं होतं, एकदा नाही, परत परत. वरचे म्हणाले, या जुन्या सॉफ्टवेअरवर आता नवीन काही करायचं नाही, आहे ते चालवायचं, मग लीड कशाला? “इथं तुम्हाला काढायला चुकाच उरल्या नाहीत, अण्णा. सगळ्या तुम्हीच काढलात. सुम्ने, नुसतं बसून राहाल. पगार येईल, मेट्रो येईल, भाजी येईल. आणि रोज दुपारी तेच गाऱ्हाणं. ते लोक तुम्हाला बोलावतायत. जावा. बेजार करून घेऊ नका.”

मला राग आला. लाज वाटायला हवी होती ती बाजूलाच राहिली आणि राग आला. आपण हट्टानं रुसून बसावं आणि घरच्यांनी ‘बरं, बस मग’ म्हणून जेवायला बसावं, तसं झालं. मी राहा ऐकायला गेलो होतो आणि आशीर्वाद घेऊन बाहेर पडलो. खिडकीशी जायची आता सोय नव्हती. मी जिना उतरून साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो, तिथं रेंज येत होती, आणि बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती पलीकडं इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन आली आणि म्हणाली, “बाई शहाणी आहे. जा तू.”

“तूच म्हणालीस खुंटा हलव म्हणून.”

“हलवलास की. निघाला तो. आता हातात घेऊन बसणार का?”

दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. जावं लागणार याचा राग आणि राहून उपयोग नाही हे पटल्याचा त्याहून जास्त राग. नवी कंपनी लांब, तिथली पोरं लहान, मला त्यांची भाषा कळेल का, त्यांना माझी कळेल का, आणि जमलं नाही तर या वयात परत कोण घेणार, ही भीती मी रागाखाली झाकून ठेवली होती. शुक्रवारी दुपारी होय म्हणून कळवलं. राजीनामा मॅडमना पाठवला. उत्तर आलं, इंग्रजीत, एका शब्दाचं. ‘गुड.’

नोटिशीचे दिवस मोठे अवघड गेले. मी खिडकीशी जाणं बंद केलं. दुपारी फोन करायला खाली पायरीवर जायचो आणि तिथं साड्या बघायला आलेल्या बायकांच्या घोळक्यात उभा राहून हळू आवाजात बोलायचो. आता मी मॅडमबद्दल काही वाईट बोलत नव्हतो, त्यामुळे बोलायला फारसं काही उरलंही नव्हतं. मॅडम कामापुरतं इंग्रजीत बोलायच्या, टीमसमोर पूर्वीसारख्याच. एकदा लिफ्टशी भेटल्या तेव्हा मात्र हळूच म्हणाल्या, “फोन बंद केलात काय?” मी म्हटलं, “नाही, खाली जातो.” त्या “हूं” म्हणाल्या आणि लिफ्टकडं बघत राहिल्या. मला वाटलं, टोमणा मारला. मी ओशाळून जिन्यानं खाली गेलो.

शेवटच्या दिवशी केक झाला. एका मुलानं माझ्याबद्दल चार चांगले शब्द सांगितले आणि त्यातले दोन दुसऱ्याच कुणाच्या तरी निरोपाला मी ऐकलेले होते. संध्याकाळी लॅपटॉप दिला, ओळखपत्र रिसेप्शनवर जमा केलं. मॅडम दारापर्यंत पोचवायला आल्या. काचेच्या दाराबाहेर लिफ्टपाशी आम्ही दोघंच होतो. मी धीर करून विचारलं, “मॅम, एक विचारू? तुम्हाला पहिल्यापासून कळत होतं, मग बोलला का नाहीत? एकदा नुसतं खाकरला असतात तरी मी तोंड आवरलं असतं.”

“म्हणून तर नाही बोलले.”

मला कळलं नाही. त्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत होत्या.

“आमची आई गेली ना, तेव्हापासून घरात मराठी नाही. माझं लग्न बाहेरचं. यजमान कन्नड, मुलगी सगळं इंग्रजीत. भाऊ आहे, तो अमेरिकेत. आई होती तोवर दुपारी फोन करायचे मी, तिच्याशी बोलायचे. मग कुणाशी बोलणार? आणि तुम्ही आलात. रोज ऊट, जेवण झालं की मागं येऊन उभे. शिव्या तर शिव्या. कानाला बरं वाटायचं.” त्यांनी पदर सोडला. “सगळे कँटीनला जायचे की नाही जेवायला? मी तिथंच खुर्चीत डबा खायचे. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं.”

मी खाली बघत होतो. बिसीबेळेभाताच्या वासाबद्दल मी जे बोललो होतो ते आठवत होतं.

“मग मला जावा का म्हणालात?” मी विचारलं.

“राहा म्हटलं असतं तर तुम्ही राहिला असतात की,” त्या म्हणाल्या. “पण ते माझ्यासाठी झालं असतं. तुमच्यासाठी नाही.”

लिफ्ट आली. त्या “हां, लिफ्ट,” म्हणाल्या, मला नमस्कार केला आणि कार्ड लावून आत गेल्या. दार लागलं. मी लिफ्टमध्ये गेलो नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, काय ते सुचायला वेळ लागला, आणि सुचलं तोवर त्या आपल्या खुर्चीपर्यंत पोचल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. मला इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते मला मिळालं होतं. मी दाराकडे वळलो आणि सवयीनं गळ्यातल्या कार्डाला हात घातला, तेव्हा लक्षात आलं की गळ्यात काही नाही.